बॉम्ब न पडलेल्या गावातलं युद्ध

रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ. धुळ्याच्या पाचकंदील भागात दुकानांची शटर्स अजून खाली होती. भाजीच्या हातगाड्या तेवढ्या येऊ लागल्या होत्या. आम्ही वीस-बावीस जण हातात चहाचे कप घेऊन उभे होतो. कॉलेजातली मुलं, दोन-तीन शिक्षक, निवृत्त झालेले काही नोकरदार, एक डॉक्टरीणबाई आणि वडिलांचं बोट धरून आलेला आठवीतला एक मुलगा. शहराच्या युद्धकाळावरची ती माझी पहिली पायी फेरी. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्या मुलानं विचारलं, ‘‘सर, धुळ्यावर बॉम्ब पडला होता का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बघायचं काय?’’

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं सरळ उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं.

अशा फेऱ्या जगात अनेक ठिकाणी निघतात. लंडनमध्ये १९४०-४१च्या बॉम्बवर्षावाच्या खुणा दाखवत वाटाडे लोकांना गल्लीबोळांतून फिरवतात. कोहिमा आणि इंफाळला १९४४च्या लढायांची मैदानं आहेत, दफनभूमी आहेत. मुंबईत गोदीच्या परिसरात उभं राहिलं की १४ एप्रिल १९४४ची दुपार सांगता येते. ‘फोर्ट स्टिकाइन’ हे दारूगोळ्यानं आणि कापसाच्या गाठींनी भरलेलं जहाज पेटलं, दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर तो दिवस पाळला जातो.

खान्देशात यातलं काही नाही. खंदक नाही, तळघरं नाहीत, गोळ्यांनी चाळण झालेली भिंत नाही. तरीही धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांमध्ये मी जसजसा वहीपेन घेऊन फिरू लागलो, तसतशी एक गोष्ट ध्यानात येत गेली. युद्ध गावात यायला सैन्यच यावं लागतं असं नाही. ते कापसाच्या भावातून येतं, सरकारी हुकमातून येतं, खिशातल्या नाण्यातून येतं. आणि कधी कधी तर गावाच्या जन्मालाच ते हजर असतं. या लेखात मी वाचकांना त्याच वाटेनं नेणार आहे. वाट दोन शहरांतून जाते, मध्ये एकदा तापीकाठी आणि एकदा चिमठाण्याच्या माळावर थांबते.

*

धुळ्याची फेरी मी पांझरेच्या काठावरून सुरू करतो. समोर देवपूर, पाठीमागे जुनं शहर. इथून आत शिरलं की सरळ, एकमेकींना समांतर, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या लागतात. बाहेरगावच्या पाहुण्याला ‘गल्ली नंबर चार’ हा पत्ता चमत्कारिक वाटतो. आपल्याला त्यात काही वाटत नाही, कारण आपण जन्मापासून तोच पत्ता लिहीत आलो.

१८१९ साली या गावात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाट आणि सभोवार बागायत, अशा चिमटीत बसलेलं लहानसं गाव. वर्षभरापूर्वी पेशवाई बुडाली होती, खान्देश इंग्रजांच्या हाती आला होता आणि त्याचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे सोपवला गेला होता. नव्या जिल्ह्याचं ठाणं म्हणून त्यानं धुळे निवडलं. कचेऱ्या बांधायला लांबून कारागीर आणवले. गॅझेटियरच्या हिशेबानं त्यांवर २,७०० पौंड खर्च झाले. व्यापाऱ्यांनी येऊन वसावं म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्यानं दिल्या, पक्की घरं बांधायला आगाऊ रकमाही दिल्या. १८७२पर्यंत वस्ती १२,४८९वर गेली. आग्रा रोडवरचं, कचेरीचं आणि पेठेचं धुळे उभं राहिलं ते असं.

इथवर सांगून झालं की बहुतेकांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसतं. साहेब दूरदृष्टीचा होता, असं कुणीतरी म्हणतंच. मग मी त्यांना विचारतो, की हा साहेब इथे कोणत्या रस्त्यानं आला? आणि मग आम्ही मनानं थाळनेरला जातो.

थाळनेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. एके काळची फारुकी सुलतानांची राजधानी. त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत, नदीच्या बाजूनं किल्ल्याचे अवशेष आहेत. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहानं होळकरांनी आपला दक्षिणेकडचा मुलूख कंपनीला देऊन टाकला, त्यात थाळनेरही आलं. सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून २७ फेब्रुवारीला थाळनेरसमोर आली. तह दूर माळव्यात झाला होता, किल्ल्यातल्या शिबंदीनं तो मानला नाही. तोफा चालल्या. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. पण आतल्या दरवाजाशी अरब शिपाई आणि इंग्रज अधिकारी समोरासमोर आले तेव्हा बोलणी फिसकटली. एकमेकांची भाषा एकमेकांना कळत नव्हती. झटापटीत मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे दोन अधिकारी ठार झाले. त्यानंतर आत घुसलेल्या फौजेनं जवळजवळ सगळी शिबंदी कापून काढली आणि आधीच स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी दिलं.

ही फाशी त्या काळातही अनेकांच्या घशाखाली उतरली नाही. पुढल्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात विजयी फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या कृत्यावरून हिस्लॉपवर प्रश्न उभे राहिले. ज्या गोष्टीची चर्चा लंडनमध्ये झाली, ती धुळ्यातल्या एकाही फेरीत मला आधीपासून माहीत असणारा माणूस क्वचितच भेटला. त्याच वर्षी मालेगावच्या भुईकोटाला वेढा पडला, अमळनेरलाही लढाई झाली. म्हणजे गल्ल्यांतल्या बिनभाड्याच्या जागा वाटल्या जात होत्या तेव्हा जिल्ह्यातल्या दारूचा वास पुरता गेलेलाही नव्हता. शांततेचं ठाणं म्हणून आपण ज्या शहराकडे बघतो, ते एका युद्धाचा शेवटचा कागद आहे. त्या कागदावरच आपण राहतो.

याच भागातला आणखी एक पदर सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. डोंगरातल्या भिल्लांनी नव्या राज्याला वर्षानुवर्षं दाद दिली नाही. १८२५ साली जेम्स आउट्रमनं भिल्लांचीच पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. भिल्ल तरुणांना गणवेश आणि पगार देऊन आपल्याच माणसांचा बंदोबस्त करायला लावलं. पुढे खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटरस्त्याची राखण कंपनीच्या चाकरीत करत होता आणि १८५७च्या धामधुमीत तोच कंपनीविरुद्ध उठला. १८५८च्या एप्रिलमध्ये आंबापाणीची लढाई झाली. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजू येतात. हे मी मुद्दाम इथे नोंदवतो, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

*

दुसरी फेरी जळगावची. ती रेल्वे स्टेशनवरून निघते, नेहरू चौक, नवी पेठ, दाणा बाजार असं करत जुन्या जळगावाकडे जाते. उलट दिशेनं गेलं तर गाव कसं वाढलं ते कळेल, असं काही जण सुचवतात. पण मला स्टेशनपासूनच सुरुवात करायची असते. कारण आजचं जळगाव रुळांच्या बाजूनं वाढलं, आणि त्याला वाढवलं ते एका परक्या युद्धानं.

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली. लँकेशायरच्या गिरण्या ज्या अमेरिकन कापसावर चालत होत्या तो यायचा थांबला. गिरणीवाल्यांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली आणि त्यांची नजर मुंबईमार्गे वऱ्हाड-खान्देशाच्या काळ्या जमिनीवर पडली. मुंबईत पैशांचा पूर आला, तो सगळ्यांनी वाचलेला आहे. प्रेमचंद रायचंद, बॅकबेचे शेअर, १ जुलै १८६५ला कोसळलेला बाजार. खान्देशातली बाजू मात्र कमी सांगितली जाते.

साठ सालापर्यंत जळगाव हे व्यापाराच्या नकाशावर फारसं नव्हतं. गॅझेटियरनं स्पष्ट लिहून ठेवलं आहे, की अमेरिकन युद्धाच्या काळात, १८६२ ते १८६५ या वर्षांत, जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. जीआयपी रेल्वेचे रूळ याच वर्षांत खान्देशातून पुढे सरकत होते, १८६३च्या सुमारास ते भुसावळला पोचले. पण एक मोठी अडचण होती. कसारा आणि इगतपुरी यांच्यामधला थळ घाट अजून पोखरला जात होता. जळगावहून निघालेली गाठ घाटमाथ्यापर्यंत आगगाडीनं जाई, तिथे उतरवून बैलगाडीनं घाट खाली नेत आणि पुन्हा गाडीत चढवत. घाटातला लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्यानंतर चारच महिन्यांत अमेरिकेतलं युद्ध संपलं.

ज्या मालासाठी एवढी घाई चालली होती, त्याचा भाव रूळ जोडले जाताच पडला. शेजारच्या मध्य प्रांतातल्या अहवालांत तेजीच्या काळातले चांदीचे फाळ आणि गाड्यांच्या चाकांना चढवलेल्या चांदीच्या धावा यांचे उल्लेख आहेत. खान्देशातल्या घरांतूनही अशा गोष्टी ऐकायला मिळतात. त्या कितपत खऱ्या, ते सोडून देऊ. तेजीत कर्ज सहज मिळालं, मंदीत ते फिटेना, हे मात्र खरं. दहा वर्षांनी, १८७५मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्यामागे जी कारणं होती, त्यांत कापसाच्या या चढउताराचंही नाव घेतलं जातं.

जळगाव मात्र मोडलं नाही. नुकसान सोसून पेठ टिकली. पुढच्या दशकात खान्देश मिल उभी राहिली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खान्देशाचं मुख्य ठाणं जळगाव झालं. मिल बंद पडूनही आता दशकं लोटली. तिच्या जागेवरून चालताना मी लोकांना थांबवतो आणि म्हणतो, की अमेरिकेतल्या गुलामगिरीवरून झालेल्या लढाईतला आपला वाटा इथे होता. त्या लढाईत सहा लाखांवर माणसं मेली आणि तेवढ्या काळात आपल्याकडे बाजार फुलला. हे ऐकून लोक थोडे गप्प होतात. जळगावच्या एका फेरीत एक तरुण अडत्या होता. तो म्हणाला, ‘‘सर, आम्ही आजही सकाळी पहिले न्यूयॉर्कचा वायदा पाहतो. कुठे लढाई लागली की घरात पहिला प्रश्न भावाचाच असतो.’’ त्याच्या बोलण्यात लाज नव्हती आणि बढाईही नव्हती. होती ती माहिती. मला ते मोलाचं वाटलं.

*

ऐंशी वर्षांनी युद्धानं तोच कापूस उलट्या बाजूनं पकडला.

खान्देश-वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. परदेशात तो ‘उमरा’ या व्यापारी नावानं जाई आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरलं आणि एका रात्रीत गिऱ्हाईक शत्रू झालं. पुढच्या वर्षी ब्रह्मदेश पडला. तिकडून येणारा तांदूळ थांबला, रॉकेल थांबलं. सरकारनं ‘अधिक धान्य पिकवा’ अशी मोहीम काढली. कपाशीखालची जमीन ज्वारी-बाजरीकडे वळवा, असा आग्रह सुरू झाला आणि १९४४मध्ये मुंबई प्रांतात त्यासाठी कायदाही झाला. पहिल्या युद्धानं शेतकऱ्याला कापूस लाव म्हटलं, दुसऱ्यानं कापूस काढ म्हटलं. दोन्ही वेळा हुकूम दुरून आला, आणि दोन्ही वेळा बियाणं शेतकऱ्याच्या हातात होतं.

गिरण्यांना काम भरपूर मिळालं. धुळ्याची न्यू प्रताप, अमळनेरची प्रताप, जळगावची खान्देश मिल, सगळीकडे कापसाचं कापड होत होतं. तरी माणसांच्या अंगावर मात्र कापड येईना. देशातलं पुष्कळ कापड लष्कराकडे जात होतं, उरलेल्याचे भाव चढत होते. १९४३मध्ये कापडावर नियंत्रण आलं, ठरावीक भावाचं जाडंभरडं कापड दुकानातून मिळू लागलं. धान्य, साखर, रॉकेल, काडेपेटी, प्रत्येक गोष्टीला रांग लागली.

गल्लीतून जाताना एकदा ओट्यावर बसलेल्या एका आजींनी आमचा घोळका पाहून विचारलं, की कसली एवढी माणसं? मी सांगितलं. नव्वदीच्या पुढचं वय, कानाला थोडं कमी. त्या म्हणाल्या, ‘‘तवय घासलेट भेटेच ना भाऊ. दिन बुडाना पहिले जेवी लेवूत.’’ लहानपणची आठवण सांगितली तीही एवढीच. दिवस बुडायच्या आत जेवायचं, मग अंधारात पडून राहायचं. महायुद्ध हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. मुलं त्यांच्या भोवती बसली आणि आमची फेरी तिथे अर्धा तास अडकली. त्या अर्ध्या तासात मला पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं. बघायचं काय, तर हे.

त्या दिवसापासून मी खिशात एक पैसा ठेवतो. १९४३ सालचा, मधोमध मोठं भोक असलेला. युद्धाला तांबं लागत होतं म्हणून सरकारनं पैशाच्या पोटातलं तांबं काढून घेतलं. चांदीच्या रुपयाचं तसंच झालं. १९४०मध्ये त्यातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली आणि जोडीला एक रुपयाची कागदी नोट आणली. लोकांनी जुने रुपये गाडग्यांत घातले, सुटे पैसे बाजारातून नाहीसे झाले. हा भोकाचा पैसा मी फेरीत हातोहात फिरवतो. लहान मुलं त्यातून डोळा लावून बघतात. कुणाला तरी आठवतं, आमच्या घरी असा पैसा करगोट्यात ओवलेला होता.

*

आता जेलरोड. धुळ्याचा तुरुंग आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आम्ही भिंतीबाहेर उभे राहतो. १९३२ साली विनोबा इथे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. रणांगणावर सांगितलेला ग्रंथ तुरुंगात समजावून सांगितला गेला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला जोडून मी पुढचं सांगतो. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधीजींनी युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तेव्हा पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं ते विनोबांना. ज्यांनी या भिंतीआड अर्जुनाचा गोंधळ उलगडला, त्यांनीच आठ वर्षांनी पवनारला उभं राहून या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं सांगितलं. त्यासाठी पुन्हा तुरुंग पत्करला.

मग १९४२ आलं. अमळनेरला सरकारी कचेऱ्यांवर मोर्चा चालून गेला, त्यात लीलाताई पाटील पुढे होत्या. ९ सप्टेंबरला, तेव्हाच्या पश्चिम खान्देशात असलेल्या नंदुरबारात, शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे पाच जण गेले. शिरीषकुमारला सोळावं पुरं व्हायचं होतं. ही नावं खान्देशातल्या मुलांना पाठ असतात, असायलाच हवीत.

आणि १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी गाडी भरदिवसा अडवली गेली. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. अडवणारे काही इथले होते, काही चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या सातारा जिल्ह्यातून आलेले. तिकडे प्रतिसरकार उभं राहिलं होतं, त्याला हत्यारांसाठी पैसा हवा होता. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी तिकडून आले. डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांचे भूमिगत साथी इथले. नागनाथअण्णा पुढे पकडले गेले आणि १० सप्टेंबर १९४४ला साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले. चिमठाण्याला आज क्रांतिस्मारक आहे.

तारीख पुन्हा वाचा. हाच तो मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचा दिवस. एकाच दिवशी मुंबईत साम्राज्याचं जहाज जळत होतं आणि चिमठाण्याच्या माळावर साम्राज्याची तिजोरी फुटत होती. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. स्फोटाची सविस्तर बातमी जगाला आधी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दिली. इथल्या वार्ताहरांना ती पाठवायची परवानगी मे महिना उजाडल्यावर मिळाली. शेजारच्या गावात काय चाललंय ते कळू नये, हाही युद्धाचाच एक भाग होता.

*

चिमठाण्याची गोष्ट मी सुरुवातीला फार रंगवून सांगत असे. गाडी कशी अडवली, पोलिसांना कसं गाठलं, पेट्या कशा उचलल्या. ऐकणारे टाळ्या वाजवत आणि मलाही बरं वाटे. एका फेरीत मागे उभे असलेले एक साठीचे गृहस्थ टाळ्या थांबल्यावर पुढे आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘‘माझे आजोबा त्या काळात इथे पोलिसात शिपाई होते. घरात सात माणसं होती आणि पगारावर धान्याची सोय होत होती. त्यांनी कुणावर गोळी झाडली की नाही मला माहीत नाही, त्यांनी ते कधी सांगितलं नाही. तुमच्या फेरीत त्यांना कुठे उभं करायचं, सर?’’

मला लगेच काही सुचलं नाही. मी म्हणालो, आपण चालत चालत बोलू. आम्ही बोललोही. पण मला त्या प्रश्नानं बरेच दिवस सोडलं नाही. खाज्या नाईक दोन्ही बाजूंना उभा राहिला होता, धरणगावच्या पलटणीतले भिल्ल शिपाई एका बाजूला उभे केले गेले होते. गिरणीत लष्करासाठी कापड विणणारा मजूर संध्याकाळी मिरवणुकीत असू शकत होता. गावातली काही माणसं इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन दूर गेली असतील, त्यांच्या घरचे मनीऑर्डरची वाट बघत असतील. त्यांची नावं चौकातल्या कुठल्याही दगडावर दिसत नाहीत. देशासाठी मेलेल्यांचा मान त्यांना द्यावा, असं मी म्हणत नाही. तो मान ज्यांचा आहे त्यांचाच आहे, आणि शिरीषकुमारच्या शेजारी गोळी झाडणाऱ्याला बसवण्याइतकी माझी बुद्धी फिरलेली नाही. पण गावाचा इतिहास म्हणजे केवळ मानाची यादी नव्हे. त्या वर्षांत गावात कोण कोण होतं, काय खात होतं, कुणाला भीत होतं, याचा हिशेब म्हणजे इतिहास. मी सांगत होतो ती गोष्ट खरी होती, फक्त ती सगळ्या गावाची नव्हती.

आता मी चिमठाण्याची हकिगत थोडी वेगळी सांगतो. धाडस कमी करत नाही, ते तेवढंच मोठं आहे. मात्र आधी मी तो भोकाचा पैसा फिरवतो, धान्याच्या रांगा सांगतो, शिपायाच्या घरची सात माणसं सांगतो, कापूस उपटायला लागलेला शेतकरी सांगतो. मग खजिन्याची गाडी आणतो. हे सगळं ठाऊक असलं की लोकांना कळतं, त्या गाडीतला पैसा कुणाकडून गोळा झाला होता आणि ती अडवणाऱ्यांनी नेमका कशावर हात घातला होता. टाळ्या आताही वाजतात. पण आधी क्षणभर शांतता असते.

ते गृहस्थ नंतर दोन फेऱ्यांना आले. दुसऱ्यांदा येताना आजोबांची एक जुनी पेटी उघडून पाहिल्याचं त्यांनी सांगितलं. त्यात बिल्ला होता, रेशनचं कार्ड होतं आणि दोन भोकाचे पैसे होते. त्यातला एक त्यांनी मला देऊ केला. मी घेतला नाही, तो त्यांच्या घरातच शोभतो.

*

दिवाळीत घरं आवरली जातात, माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. १९४३ साली जे मूल दहा वर्षांचं होतं ते आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, गावात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. तुम्हाला युद्ध आठवतं का, असं विचारू नका, ते नाही म्हणतील. तेव्हा घरात दिवा कशावर लावायचे ते विचारा. कापड कुठून आणायचे, ज्वारी कुठल्या दुकानातून यायची, कपाशीच्या जागी काय पेरलं होतं, घरातलं कोण नोकरीला होतं आणि कोण फरारी होतं ते विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा, अहिराणीत सांगितलं तर अहिराणीत. वर तारीख आणि नाव घाला.

आणि मग ते घेऊन आपापल्या गावात एकदा पायी निघा. नंदुरबार, अमळनेर, भुसावळ, धरणगाव, चाळीसगाव, कुठेही. वाटाड्या लागत नाही. दोन तास, एक वही आणि पाण्याची बाटली पुरते.

पहिल्या फेरीतला तो आठवीतला मुलगा परवा भेटला. आता कॉलेजात आहे. मी त्याला म्हटलं, बॉम्ब पडला नव्हता, तरी तू चार वेळा आलास की रे. तो म्हणाला, ‘‘सर, त्या ओट्यावरच्या आजी गेल्या. मी त्यांचं लिहून ठेवलंय.’’